इकडचं मतदान आपल्यात येत न्हाई

माझं माहेर पाबळ आणि कवठे येमाईच्या मधल्या एका गावात आहे. तालुका शिरूर. सातबारा, रेशनकार्ड, जातीचा दाखला, सगळ्या कामांना शिरूरच्या तहसीलला जायचं. आमदार मात्र आंबेगावचा. मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हा शिरूर तालुक्याचे दोन भाग पडले. आमची पश्चिमेकडची कोरडवाहू गावं आंबेगावला जोडली गेली आणि उरलेल्या शिरूरला पुण्याच्या अंगाची हवेलीतली गावं आली. लोकसभेला मात्र आम्ही सगळे पुन्हा एकाच मतदारसंघात.

सासर भीमेच्या काठी, वडगाव रासाईच्या शेजारच्या गावात. ते शिरूर विधानसभेत. आणि नोकरी नदीपलीकडं, दौंड तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात. मी तिथं नर्स आहे. दौंडचा आमदार वेगळा, आणि लोकसभेला दौंड बारामतीत जातं. सकाळी स्कूटीवरून पूल ओलांडला की माझा आमदार बदलतो आणि खासदारही. निवडणुकीच्या दिवसांत पुलाच्या अलीकडं एकाचे फलक असतात, पलीकडं दुसऱ्याचे. दोन्हीकडं ऊस सारखाच उभा असतो.

या सगळ्याचा त्रास पहिल्यांदा वडिलांना झालेला मी पाहिला. ते गवंडीकाम करायचे. आमच्या बौद्धवस्तीत पिण्याच्या पाण्याची लाईन आली नव्हती. फेररचना होऊन थोडेच दिवस झाले होते. वडील वस्तीतल्या चार माणसांना घेऊन शिरूरला एका पुढाऱ्याकडं गेले. त्याच्यासाठी त्यांनी तरुणपणापासून भिंती रंगवल्या होत्या. तिथल्या माणसानं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "आबा, तुमचं गाव आता आमच्यात न्हाई. तुम्ही मंचरला जावा." ते मंचरला, आंबेगावच्या आमदाराच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसानंही चहा दिला. विचारलं, "तालुका कुठला?" वडील म्हणाले, "शिरूर." तो म्हणाला, "मग पंचायत समितीचं काम तिकडंच बघावं लागंल."

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. आईनं विचारलं, "काय म्हनले?" वडील म्हणाले, "च्या चांगला हुता." एवढंच. त्यानंतर त्यांनी कुणाची भिंत रंगवली नाही. पाणी पुढं आलं. ते आपणच आणलं म्हणून दोन्हीकडच्यांनी फलक लावले. तोवर माझं लग्न होऊन मी नदीकाठी आले होते.

माझे मालक रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला होते. कंपनीची बस फाट्यावर यायची. पाळी संपवून आले की हातपाय धुवायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि आप्पांकडं जायचे. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. सोसायटी, कारखाना, ग्रामपंचायत, सगळीकडं त्यांचं माणूस. आमच्या वस्तीतलं त्यांचं माणूस म्हणजे माझे मालक. मतदानाच्या दिवशी वस्तीतल्या म्हाताऱ्यांना गाडीत बसवून शाळेपर्यंत नेणं, पुण्याला कामाला गेलेल्या पोरांना फोन करून बोलावणं, हे सगळं ते करायचे. त्यांना त्याची आवड होती. मी कधी चिडून म्हणायचे, "तुम्हाला काय मिळतं त्यातून?" ते म्हणायचे, "मिळायचं काय त्यात? आपल्या वस्तीत रस्ता झाला का न्हाई? लाईटचे खांब आले का न्हाई? आता समाजमंदिराम्होरं सभामंडप झाला की झालं." सभामंडप व्हायचा राहिला होता. दर निवडणुकीत तो पुढच्या वर्षावर जायचा.

त्यांचा धाकटा भाऊ, माझे दीर, आमच्या शेजारच्याच खोल्यांत राहतात. मधे एकच अंगण, एकच नळ. ते पिकअप चालवतात. भाजीपाला पुण्याला नेतात, साखर कारखान्याच्या हंगामात कामगारांचं सामान आणतात. दोघा भावांचं चांगलं होतं. लहानपणी आईवडील गेलेले, मोठ्यानं धाकट्याला वाढवलं होतं. धाकटा मोठ्यापुढं फार बोलायचा नाही.

मग पक्ष फुटला. टीव्हीवर आधी काही दिवस कोण कुठल्या बाजूला ते कळेना, मग कळायला लागलं. चिन्ह एकाकडं गेलं. गावागावांत एकाच ताटात जेवलेली माणसं दोन गाड्यांतून फिरायला लागली. आप्पा एका बाजूला गेले आणि त्यांच्यामागं माझे मालकही. त्यांनी त्यावर विचार केला असं मला वाटत नाही. आप्पा वळले की ते वळायचे, रस्ता वळला की बस वळते तसे. दिरांनी मात्र यंदा वेगळं ठरवलं होतं. लोकसभेच्या वेळी वस्तीत सगळीकडं संविधानाचं बोलणं चाललं होतं. दीर एका सकाळी अंगणात तोंड धुता धुता म्हणाले, "दादा, ह्या टायमाला मी तुमच्यासंगं न्हाई."

मालक दाढी करत होते. आरशात बघतच म्हणाले, "कुणी शिकवलं तुला?"

"शिकवायचं काय? बाबासाहेबांनी दिलंय ते राखायचं का न्हाई?"

"आन् आप्पांनी दिलं ते?"

"आप्पांनी खांब दिले. तुम्ही त्यांना वस्ती दिली."

मालकांनी वस्तरा पाण्यात बुडवला. "जा मग," म्हणाले. "पर माझ्या वस्तीत फिरू नकोस."

"वस्ती काय तुमच्या नावावर हाय का?"

भांडण एवढंच. कुणी आवाजही चढवला नाही. त्या दिवसापासून दोघे बोलेनासे झाले. लोकसभेचं मतदान झालं, निकाल लागला, उन्हाळा सरला, तरी नाही. नळाला पाणी आलं की एक जण आत जाईपर्यंत दुसरा थांबायचा. जाऊबाई आणि मी पूर्वीसारखंच बोलायचो, भाजी द्यायचो-घ्यायचो, पण अंगणात नाही. माझी मुलगी आठवीत होती. ती म्हणायची, "आई, काकांशी बोलले तर पप्पा रागावतील का?" मी म्हणायचे, "तू बोल." ती बोलायची आणि मालक ऐकूनही ऐकलं नाही असं करायचे.

पाऊस उघडला होता. विधानसभा लागणार हे ठरलेलं होतं, उमेदवार कोण याच्या बातम्या चालू होत्या. पहिल्या पाळीला जायचं म्हणून मालक उठले. अंघोळ झाली. मी डबा भरत होते. दारातून त्यांनी मुलीला हाक मारली, की मला, ते आठवत नाही. मी वळले तर ते उंबऱ्यावर बसले होते, एक मोजा पायात आणि एक हातात. चेहरा घामानं भिजलेला. मी नर्स आहे. मला कळलं. आडवं करेपर्यंत मान कलली आणि मी छाती दाबायला लागले. मुलगी ओरडली असावी, कारण दीर पळत आले. त्यांनी काही विचारलं नाही. पिकअप मागं घेतली, ताडपत्री अंथरली आणि आम्ही दोघांनी त्यांना उचललं.

नदीपलीकडचा दवाखाना जवळ पडतो. अँब्युलन्स तिकडून बोलवायची आणि तिची वाट बघायची, त्यापेक्षा आपणच पूल ओलांडलेला बरा. वस्तीतल्या एका पोरानं गाडी चालवली, कारण दिरांना पुढं बसवेना. ते मागं माझ्यासमोर भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मी दाबत होते. रस्ता खराब होता, हात घसरायचे. दीर म्हणत होते, "दादा, बोल की. दादा, बोल की आता." तेच तेच. पुलावर आल्यावर मला हाताखाली काही फरक जाणवला असं वाटलं. तो नव्हता. गाडीचा धक्का होता.

दवाखान्यात डॉक्टर मला ओळखत होते. त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग त्यांनी मलाच खुर्ची दिली. मला रडू आलं नाही. आपण आत्ता रडायला पाहिजे, हे मला कळत होतं, जसं पेशंटच्या नातेवाइकाला बघून कळतं. दीर फरशीवर बसले होते. त्यांच्या एका हातात तो मोजा होता.

दुपारी नदीकाठी सगळं झालं. त्रिशरण, पंचशील. बौद्धाचार्य पुण्याहून आले होते. गावातली बरीच माणसं आली, कंपनीतली आली. अग्नी दिरांनी आणि माझ्या मुलीनं मिळून दिला. मला एवढं आठवतं की पलीकडच्या काठावर एक गुऱ्हाळ चालू होतं आणि त्याचाही धूर सरळ वर जात होता.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. निवडणूक तोंडावर, त्यामुळं नेहमीपेक्षा जास्त आली. आप्पा आले ते उमेदवाराला घेऊनच. पांढऱ्या गाड्या वस्तीच्या तोंडाशी थांबल्या. आप्पा खरोखर रडले. ते खोटं नव्हतं, एवढं मला समजतं. उमेदवार माझ्यासमोर चटईवर बसले आणि म्हणाले, "ताई, आमचा हात गेला." त्यांच्याबरोबरचा एक पोरगा मोबाईल घेऊन समोर उभा राहिला आणि मुलीला म्हणाला, "जरा आईजवळ सरकून बसा." मुलगी सरकली. मीही सरकले. कुणी सांगितलं की सरकायचं, एवढंच डोक्यात शिल्लक होतं.

संध्याकाळी दुसऱ्या बाजूचे उमेदवार आले. ते दिरांचे. दीर अंगणाच्या तोंडाशीच उभे राहिले. म्हणाले, "साहेब, आज पक्षाचं काय बोलू नका. दादा तुमच्यात नव्हते." त्या माणसानं दिरांच्या खांद्यावर हात ठेवला, आत येऊन बाबासाहेबांच्या फोटोला आणि मालकांच्या फोटोला हात जोडले, आणि खरंच काही बोलले नाहीत. मला त्यांचं बरं वाटायला पाहिजे होतं. तसं काही वाटलं नाही.

मग पलीकडचे एक जण आले. दौंडच्या बाजूचे पुढारी. माझ्या उपकेंद्राच्या गावात त्यांचं वजन आहे, लसीकरणाच्या वेळी ते मांडव देतात, त्यामुळं ओळख. ते मनानं आले होते. चटईवर बसले, मुलीची चौकशी केली. जाऊबाई आत चहा ठेवत होत्या. तेवढ्यात त्यांच्याबरोबरचा एक माणूस वाकून त्यांच्या कानाशी बोलला. त्याला वाटलं हळू बोललो, पण अंगण लहान आहे. तो म्हणाला, "साहेब, अजून दोन ठिकाणी जायचंय. इकडचं मतदान आपल्यात येत न्हाई."

पुढाऱ्याचा चेहरा उतरला. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, तसं काय न्हाई." मी म्हणाले, "नाही ना. माहीत आहे मला." ते अजून थोडं बसले आणि उठले. चहा तयार झाला तोवर गाडी निघून गेली होती. जाऊबाईंनी तो चहा आम्हा सगळ्यांना दिला. माहेरहून आलेले वडील भिंतीला टेकून बसले होते. ते आता थकलेत. त्यांनी कप हातात घेतला आणि माझ्याकडं बघून, का कोण जाणे, थोडंसं हसले. मीही हसले असेन. माहेरकडच्या मतदारसंघातून कुणी आलं नाही. त्यांनी यायचं काही कारणही नव्हतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मी कामावर जायला लागले. लोकांना ते लवकर वाटलं. घरी बसून काय करायचं ते मला कळत नव्हतं, आणि लसीकरणाचा वार ठरलेला असतो. बाळाच्या मांडीत सुई टोचायची, आईला तापाची गोळी समजावून सांगायची, पुढच्या बाईला हाक मारायची. ते मला जमत होतं. प्रचाराच्या रिक्षा पुलाच्या दोन्ही बाजूंना फिरत होत्या. एकीकडं ज्याला चोर म्हणत होते त्याला दुसरीकडं विकासपुरुष म्हणत होते. मी त्यांच्यातून जायचे. गाणी कानावर पडायची आणि घरी येईपर्यंत त्यातलं काहीच राहायचं नाही.

मतदानाच्या दिवशी आप्पांची गाडी सकाळीच दारात आली. गाडीबरोबर आमच्याच वस्तीतला दुसरा एक जण होता. मालकांचं काम आता त्याच्याकडं आलं होतं. तो दबकत म्हणाला, "वहिनी, आप्पांनी पाठवलंय. बसा." मी म्हणाले, "चालत जाते." तो म्हणाला, "दादा असते तर..." आणि थांबला. दीर नळावर होते. ते ऐकत होते. हात पुसत ते आले आणि त्या माणसाला म्हणाले, "जा तू. म्हाताऱ्या मानसांना ने आधी. मी येतो वहिनींसंगं."

आम्ही शाळेपर्यंत चालत गेलो. दीर पुढं, मी मागं. रस्त्यात दोन्ही बाजूंचे टेबल मांडलेले होते. एका टेबलावर आप्पांची माणसं, दुसऱ्यावर दिरांची. दोन्हीकडून कुणी मला हाक मारली नाही. सगळे खाली बघत होते. शाळेच्या दारात दीर थांबले. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला वाटंल तसं करा. दादांचं म्हनून करा, न्हाईतर माझं म्हनून करा, न्हाईतर कुनाचंच म्हनून करू नका."

वर्ग ओळखीचा होता. मुलगी त्याच वर्गात शिकली. बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले. चिन्हं दिसत होती. मी कशावर बोट ठेवायचं ते ठरवून आले नव्हते, आणि उभी राहिल्यावरही ठरवलं नाही. बोट गेलं. लांब आवाज आला. शेजारच्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी आली आणि पडली. मी तिच्याकडं बघत होते पण वाचलं नाही. बाहेर आल्यावर दिरांनी विचारलं, "झालं?" मी म्हणाले, "झालं."

निकालाला आप्पांची बाजू आली. दुपारपासून गावात गुलाल. मिरवणूक आमच्या वस्तीतून जाणार होती, दरवेळी जाते. वस्तीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी डीजे बंद केला. ट्रॅक्टर आणि माणसं आमच्या घरावरून अगदी गुपचूप गेली, गुलालानं माखलेली, हातात झेंडे आणि तोंडानं काही नाही. आप्पा पायी चालत होते. घरासमोर आल्यावर त्यांनी हात जोडले. पलीकडच्या वळणावर डीजे पुन्हा सुरू झाला. मुलगी खिडकीत उभी होती. ती म्हणाली, "पप्पा असते तर ट्रॅक्टरवर असते." मी म्हणाले, "हो."

त्या संध्याकाळी दीर आमच्याकडं जेवायला आले. स्वतःहून आले. जाऊबाईंनी आपल्या घरची भाकरी आणून माझ्या ताटलीत ठेवली. दिरांची बाजू पडली होती, पण त्यांनी तो विषय काढला नाही. जेवता जेवता एकदम म्हणाले, "वहिनी, एक इचारू? राग मानू नका. कुणाला दिलंत?"

"आठवत नाही, भाऊजी."

त्यांना वाटलं मी लपवते आहे. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग त्यांना कळलं असावं. ते खाली बघून भाकरी मोडायला लागले. "मला बी," ते म्हणाले, "मला आठवतंय मी कुणाला दिलं, पर का दिलं ते त्या टायमाला आठवंना. दादांसंगं भांडायला तेवढं एकच हुतं माझ्याकडं." जाऊबाई म्हणाल्या, "जेवा आता." ते जेवले. भात मागून घेतला.

यानंतर काही महिन्यांनी आप्पा पुन्हा घरी आले. या वेळी एकटेच. खुर्चीवर न बसता ओट्यावरच बसले. ग्रामपंचायतीची निवडणूक पुढं येणार होती आणि आमचा वॉर्ड महिलेसाठी राखीव सुटेल असं बोललं जात होतं. आप्पा म्हणाले, "पोरी, तू उभी राहा. वस्ती तुझ्यामागं येईल. सभामंडपाचंबी मार्गी लावू. त्यानं आयुष्य घातलं त्यात."

"आप्पा, मी सरकारी नोकरीत आहे. मला उभं राहता येत नाही."

"राजीनामा?"

"मुलीचं शिक्षण आहे."

 त्यांना ते पटलं. त्यांना राग आला नाही, आणि मलाही. मग ते अंगणापलीकडं बघत म्हणाले, "मग धाकटीला इचारू का?"

मला वाटलं दीर हाकलून देतील. दीर पिकअपखाली झोपून काहीतरी बघत होते. बाहेर आले, हाताचं ऑईल पुसलं आणि आप्पांचं ऐकून घेतलं. ज्या आप्पांवरून भाऊ तुटला होता त्यांनी आता दिरांच्याच बायकोला आपल्या पॅनलमध्ये मागितलं होतं. दिरांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "तिला इचारा. मला काय इचारता?" जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्या सातवी शिकलेल्या, मजुरीला जाणाऱ्या, चारचौघांत कधी न बोललेल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय सांगायला पाहिजे होतं ते मला आजही माहीत नाही.  त्या आप्पांना म्हणाल्या, "सभामंडप आधी. मग उभी राहते."

आप्पा हसले. पण या वेळी काम झालं. खांब उभे राहिले, पत्रे आले. दीर रोज संध्याकाळी तिथं पाणी मारायला जायचे. कुणाचं काम म्हणून जाता, असं त्यांना कुणी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात जाऊबाईंचा फलकासाठी फोटो काढायला एक माणूस आला. अंगणात पांढरी चादर टांगली. जाऊबाईंनी माझी निळी साडी नेसली होती. त्या ताठ उभ्या राहिल्या, हात जोडले, पण पदर खांद्यावर राहीना. फोटोवाला वैतागला. मी आतून पिन आणली, त्यांच्या खांद्याला लावली आणि बाजूला झाले.